प्रतिसाद: सोजर्नर ट्रूथ यांचे कोणते स्मारक?

सोजर्नर ट्रूथ म्हणजे गुलामगिरीतून सुटून पुढे गुलामगिरीविरुद्ध आणि स्त्री-हक्कांसाठी बोलणाऱ्या अमेरिकेतील कृष्णवर्णीय वक्त्या. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील 2020 सालचा पुतळा हेच त्यांचे योग्य स्मारक आहे, असे एक मत मांडले गेले आहे. त्याला थोडी पुरवणी जोडतो. त्या शिल्पाच्या मूळ आराखड्यात सुसान अँथनी आणि एलिझाबेथ कॅडी स्टँटन या स्त्री-मताधिकार चळवळीतील दोघी गोऱ्या नेत्याच होत्या, आणि टीका झाल्यानंतरच ट्रूथ यांना तिथे जागा मिळाली, हे विसरता येत नाही.

मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते न्यूयॉर्क राज्यातीलच पोर्ट युअन येथील 2013 सालचे स्मारक. तिथे व्यासपीठावरील वक्त्या नव्हे, तर दोन्ही हातांत जड सुरया घेऊन निघालेली सुमारे अकरा वर्षांची गुलाम मुलगी इसाबेला, म्हणजे लहानपणीच्या ट्रूथ, उभी आहे. तिची पहिली भाषा डच होती आणि वयाच्या नवव्या वर्षाच्या सुमारास मेंढ्यांच्या कळपासह तिची विक्री झाली होती. हीच मुलगी पुढे 1826 मध्ये तान्ह्या लेकीला घेऊन मालकाचे घर सोडते, आणि अलाबामात बेकायदा विकल्या गेलेल्या आपल्या मुलाला, पीटरला, न्यायालयात दाद मागून 1828 मध्ये परत मिळवते.

राहिला प्रश्न अशा स्मारकाच्या चौथऱ्यावर कोरायच्या मजकुराचा. ‘मी बाई नाही का?’ हे ट्रूथ यांच्या नावावरचे प्रसिद्ध वाक्य त्यांच्या 1851 च्या अ‍ॅक्रन (ओहायो) येथील स्त्री-हक्क परिषदेतील भाषणाच्या तत्कालीन वृत्तांतात नाही. ते 1863 मध्ये त्या परिषदेच्या अध्यक्षा फ्रान्सिस गेज यांनी छापलेल्या, अमेरिकेच्या दक्षिणेकडील बोलीत रंगवलेल्या आवृत्तीतून आले. दगडात अक्षरे कोरण्याआधी (ती खोडणे सोपे नसते) एवढी शहानिशा व्हायला हवी.