लाल रंगाने किंमत वाढते का?
बरेच जण म्हणतात की जुन्या स्पोर्ट्स कारला लाल रंग मारला की भाव वाढतो. मला नाही पटत, फेरारीला लाल शोभतो म्हणून सगळ्यांना शोभेल असं नाही. सांगलीत आमच्या काकांकडं एमजीबी आहे (एमजी या ब्रिटिश कंपनीची स्पोर्ट्स कार, हे मॉडेल 1962 ते 1980 बनलं), मधल्या मालकाने लाल केलेली. दाराच्या बिजागरीजवळ नखाने खरवडलं तर खालनं गडद हिरवा निघतो, डिकीतल्या मॅटखाली तर अख्खा पट्टा तसाच आहे, ते बघून पुण्याहून आलेल्या माणसाने लगेच ऑफर खाली आणली कारण पूर्ण सोलून परत मूळ रंगात करायचा खर्च त्याच्याच डोक्यावर बसणार. एमजीचा कारखान्यातला रंग ब्रिटिश मोटर म्युझियमच्या हेरिटेज सर्टिफिकेटवर (गाडी कारखान्यातून कशी निघाली याचा दाखला) मिळतो, विकण्याआधी ते मागवाच. आणि रंग बदलला तर आरसीवर पण नोंद पाहिजे.

आता काकांचं म्हणाल तर ते सांगतात ती किंमत गाडीची नाहीच, काकू पहिल्यांदा शेजारच्या सीटवर बसून नरसोबाच्या वाडीला गेलेल्या त्याची आहे. गिऱ्हाईक त्याचे पैसे देत नाही, पण त्याच मायेपोटी 30 वर्षं गाडी एकदाही पावसात उभी राहिली नाही, पत्र्याला गंज नाही, आणि त्याचे पैसे मात्र नक्की मिळतात.