पहिला साप: प्लास्टिकच्या डब्यात ठेवला तर चालेल का?

प्रश्न
कॉर्न स्नेकचं (बिनविषारी, घरात पाळतात तो साप) पिल्लू घेतेय. पाळलेल्या जोडीचं आहे, जेमतेम फूटभर लांब. काचेची टाकी मला परवडत नाही. कड्यांच्या झाकणाचा प्लास्टिकचा डबा वापरला तर त्या जिवाचे हाल होतील का? आणि काटकसर नक्की कशात करू?

उत्तर १
डबा खुशाल वापरा. माझं पहिलं पिल्लू वर्षभर डब्यातच वाढलं. ६० सेंटिमीटर लांबीचा पुरे.

काटकसर करा, पण थर्मोस्टॅटमध्ये, म्हणजे तापमान आवरणाऱ्या यंत्रात, नको. मी तिथेच केली होती. हीटिंग मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई) थेट प्लगला लावली, वरून हात लावला तर कोमट वाटायची. तिसऱ्या आठवड्यात पिल्लाच्या पोटाचे खवले तांबूस दिसले. मॅट आतून चाळिशीच्या वर गेली होती, आणि पोट भाजत असलं तरी साप वेळेवर बाजूला होत नाही. डॉक्टर, मलम, दोन वेळा कात टाकेपर्यंतचा घोर. आजही ते पोट आठवलं की जीव कासावीस होतो.

मॅट डब्याच्या बाहेरून, तळाच्या एक तृतीयांश भागाखाली ठेवा. थर्मोस्टॅटचा सेन्सर मॅट आणि डबा यांच्यामध्ये. उबदार टोक ३० अंशांच्या आसपास, दुसरं २४ च्या.

बाकी सगळं घरातलं चालतं. तळाला टिश्यू पेपर, म्हणजे घाण लगेच दिसते. लपायला दोन खोकी, दोन्ही टोकांना एकेक आणि शक्यतो सारखीच. एकच ठेवलंत तर पिल्लू लपण्यासाठी ऊब सोडून देतं. खोकं अंगाला घासेल इतकं लहान हवं. पाण्याची वाटी जड, कलंडणार नाही अशी.

हवेसाठी डब्याला भोकं तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने पाडा, ड्रिलने प्लास्टिक तडकतं. आतून बाहेर पाडा, म्हणजे खरखरीत कड बाहेर राहते. पेन्सिलीपेक्षा बारीकच ठेवा. डोकं गेलं की अख्खा साप गेला.

उत्तर २
वरचं पटतं, फक्त डब्याला कायमचं घर समजू नका. कॉर्न स्नेक चार-पाच फुटांचा होतो, त्याला अंग सरळ ताणता आलं पाहिजे. लाकडी पेटीसाठी आत्तापासून थोडं थोडं बाजूला काढा. आणि देवदाराचा भुसा कितीही स्वस्त मिळाला तरी नको, त्याचा वास सापांना बाधतो.

प्रश्नकर्ती
थर्मोस्टॅट आधी घेते, पिल्लू महिनाभर उशिरा आणते. तोवर रिकामा डबा चालवून तापमान लिहून ठेवू का?

उत्तर १
नक्की ठेवा. सकाळी, दुपारी आणि पहाटेचंही, कारण खोली गार झाल्यावरच खरं कळतं. पिल्लू आल्यावर पहिला आठवडा हातात घेऊ नका, फक्त पाणी बदला. नंतर खाऊ घालाल तेव्हाही दोन दिवस उचलू नका, नाहीतर खाल्लेलं बाहेर काढतं.