जुनी गाडी घेताना काय पाहिलंत, खोट कुठे सापडली? मुंबईकरांनो, अनुभव लिहा

गणपती झाले की मुंबईत जुन्या गाड्यांच्या जाहिराती वाढायला लागतात. दसरा-दिवाळीला नवी गाडी घेणारे घरातली जुनी विकायला काढतात. त्याच गर्दीत पावसाळ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिलेली गाडीही धुऊनपुसून, पॉलिश होऊन येते. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांचं यंदा गाडी घ्यायचं चाललंय. बजेट तीन-चार लाखांचं, म्हणजे कित्येक वर्षांची बचत. एवढे पैसे टाकताना माणसं सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टीम बघतात आणि कागदांचं 'नंतर बघू' म्हणतात, याची मला खरंच काळजी वाटते.

म्हणून हा धागा. डीलरचं किंवा विकणाऱ्याचं नाव नको. खोट कशी ओळखलीत ते मात्र नीट सविस्तर सांगा. गॅरेजवाले, इन्शुरन्सवाले कुणी असाल तर तुम्ही जरूर लिहा. सुरुवात मी करते.

मुलुंड

आईला दवाखान्यात न्यायला-आणायला छोटी पेट्रोल गाडी हवी होती. चेंबूरला एक बघायला मी आणि माझा धाकटा दीर गेलो. २०१७ची, 'सिंगल हँड, नॉन-अ‍ॅक्सिडेंटल'. बाहेरून नाव ठेवायला जागा नव्हती. आत बसलो तर एअर फ्रेशनरचा वास इतका, की काच खाली करावी लागली. दिराने ड्रायव्हरचा सीट बेल्ट धरला आणि तो संपेपर्यंत ओढत गेला. रोज वापरात येणारा पट्टा स्वच्छ काळा होता. एरवी गुंडाळीतच राहणारा शेवटचा हातभर भाग मात्र मातकट, कडक, आणि त्याच्यावर आडवी तांबूस रेघ. मग त्याने डिकीतली चटई उचलून स्टेपनी बाहेर काढली. खालच्या खोलगट जागेत वाळलेला बारीक गाळ. सीटच्या रुळांचे बोल्टही गंजलेले.

मालक म्हणाले, "गाडी धुताना पाणी गेलं असेल." आम्ही चहा न घेताच निघालो. सीट, गालिचा, छताचं कापड सगळं नवं घालता येतं, पण बेल्टची गुंडाळी सहसा कुणी उघडून धुवत नाही. तेव्हा पाचही बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. मालकाला राग आला तरी ओढा.

कुर्ला, गॅरेज आहे

ताई, तुमच्या दिराने बरोब्बर ठिकाणी हात घातला.

मी २००५च्या आधीपासून या धंद्यात आहे. २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर कित्येक महिने आमच्याकडे बुडालेल्या गाड्यांचंच काम होतं. तेव्हापासून बघतोय, बुडालेली गाडी लगेच त्रास देत नाही. इंजिन खोलून साफ केलं, ऑइल बदललं की सुरू होते, चांगली पळते. वायरिंगच्या कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी मात्र आतल्या आत तांबं खात राहतं. काही महिन्यांनी एखादी पॉवर विंडो अडकते, मग एसीचा ब्लोअर जातो, मग एक दिवस भर फ्लायओव्हरवर गाडी बंद. तोवर विकणारा फोन उचलत नसतो. डॅशबोर्डखाली वाकून एखादा कनेक्टर सोडवून बघायला सांगा. आत हिरवट पूड दिसली तर गाडी कितीही स्वस्त मिळत असली तरी सोडा.

दुसरं, गाडी थंड असताना बघा. सकाळी लवकरची वेळ घ्या आणि पोचल्या पोचल्या आधी बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर परत दुसऱ्या दिवशी जा. रात्रभर उभ्या गाडीला पहिला स्टार्टर मारल्यावर मागून निळा धूर आला तर इंजिन ऑइल खातंय. व्हॉल्व सील गेलेल्या गाडीत हा धूर इंजिन तापलं की दिसेनासा होतो, म्हणून तुम्ही यायच्या आधीच गाडी चालू करून ठेवतात. ऑइलचं झाकणही उघडा. पावसाळ्यात थोडं थोडं अंतर चालणाऱ्या गाडीच्या झाकणाला जरासा पांढरट ओलावा धरतो, त्याला घाबरायचं कारण नाही. डिपस्टिकवरचं ऑइलसुद्धा दुधाळ असेल तर इंजिन थंड ठेवणारं कूलंट ऑइलमध्ये मिसळतंय, बहुतेक हेड गॅस्केट गेलंय.

अ‍ॅक्सिडेंटचं म्हणाल तर मुंबईत बंपर-फेंडर घासलेली नाही अशी गाडी मिळणं कठीण. फेंडर बदलला असेल तर भाव कमी करून घ्या, एवढंच. पिलर (छत पेलणारे खांब) आणि एप्रन (बॉनेटखाली इंजिनाच्या बाजूचा पत्रा) मात्र तपासल्याशिवाय सोडू नका. दाराच्या चौकटीचं रबर हाताने खेचलं की निघतं. खाली पत्र्याच्या कडेला कंपनीच्या वेल्डिंगचे गोल ठिपके दिसतात, सारख्या मापाचे, सारख्या अंतरावर. ते कुठे गायब असतील, किंवा तिथे पुट्टी भरून रंग मारलेला असेल, तर गाडीला जबर मार बसलाय. बॉनेटच्या आणि दारांच्या बिजागऱ्यांचे बोल्टही बघा. पान्हा लागलेल्या बोल्टच्या कोपऱ्यांवरचा रंग उडालेला असतो.

चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. तो लागतच नसेल तर एअरबॅग उघडून गेलेली असू शकते आणि कुणीतरी दिव्याची वायर काढलेली असू शकते. यात जीव जाऊ शकतो, म्हणून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला हे सांगतो.

किलोमीटरच्या आकड्यावर जाऊ नका. लॅपटॉप लावून तो कमी करता येतो. टायरच्या कडेवर चार आकडे असतात: ३११९ म्हणजे २०१९चा ३१वा आठवडा. गाडी २०२१ची, मीटरवर १८ हजार आणि चारही टायर २०२४चे, तर मूळ टायर कशाने झिजले ते विचारा. ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय का, तेही बघा. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून जुन्या बिलांचा इतिहास मालकाकडून मागवा. प्रत्येक बिलावर त्या दिवशीचे किलोमीटर असतात.

बोरिवली

गॅरेजवाल्या दादांनी गाडीचं सांगितलं, मी कागदांचं सांगतो.

मी बघितलेल्या गाडीचा नंबर सरकारी एम-परिवहन अ‍ॅपवर टाकला तर कर्जापुढे बँकेचं नाव दिसत होतं. मालक म्हणाले, "लोन केव्हाच फिटलंय, फक्त नाव काढायचं राहिलंय." मी म्हटलं, बँकेचं पत्र आणा. पत्र आलं तेव्हा त्यात बरीच रक्कम बाकी निघाली. माणूस लबाड होता असं मला वाटत नाही, अडचणीत होता. आम्ही दोघं मिळून बँकेत गेलो. बाकी होती तेवढी रक्कम मी त्यांच्या हातात न देता थेट कर्जखात्यात भरली आणि उरलेले पैसे बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) हातात आल्यावर दिले. बँकेच्या सहीशिक्क्याचा फॉर्म ३५ आणि एनओसी आरटीओत गेल्याशिवाय आरसीवरचं (गाडीच्या नोंदणीपत्रावरचं) बँकेचं नाव निघत नाही. एनओसी सहसा नव्वद दिवसांतच वापरावी लागते, नाहीतर पुन्हा बँकेत खेटे.

चासी नंबर स्वतःच्या डोळ्यांनी बघा. टॉर्च लावून पत्र्यावर कोरलेला नंबर आरसीशी शेवटच्या आकड्यापर्यंत जुळवा. आजूबाजूला घासल्याच्या खुणा असतील तर तिथूनच परत फिरा. आणि रोख दोन लाख किंवा त्याहून जास्त घेणं-देणं करू नका, आयकर कायद्यात बसत नाही. सगळे पैसे बँकेतून गेले की पुढे भांडायला पुरावा राहतो.

ई-चलनं राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या साइटवर बघून घ्या. व्यवहाराच्या दिवशी सकाळी परत एकदा बघा.

ठाणे

दिल्लीची गाडी स्वस्त मिळतेय असं कुणी सांगितलं तर आधी कारण समजून घ्या. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाने बंदी आणली, सर्वोच्च न्यायालयाने ती २०१८ मध्ये उचलून धरली. त्यामुळे मुदत संपत आलेल्या गाड्या तिथून बाहेर जाऊ लागल्या. गाडी वाईटच असते असं नाही. माझ्या मेहुण्याची अजून उत्तम चालते. पण तिथल्या आरटीओची फॉर्म २८ची एनओसी, मग इथे नव्याने रोड टॅक्स, नवा एमएच नंबर, हे सगळं धरून हिशेब मांडा. मेहुण्याच्या गाडीतली 'स्वस्ताई' यातच बरीचशी आटली. 'डीएल नंबरवरच चालवा हो, कोण विचारतंय' असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवलेल्या गाडीची तिथे नव्याने नोंदणी करावीच लागते.

अंधेरी पूर्व

माझ्या भाच्याच्या बाबतीत घडलेलं लिहिते. ऑनलाइन जाहिरात, गाडी उत्तम, किंमत बाजारभावाच्या निम्मी. समोरचा माणूस स्वतःला लष्करातला जवान म्हणवत होता. गणवेशातला फोटो, ओळखपत्र, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. म्हणे तातडीने बदली झालीय, गाडी विमानतळाच्या पार्किंगमध्ये आहे, थोडं टोकन टाका, लष्कराच्या ट्रान्सपोर्टने घरपोच येईल. भाच्याने टोकन भरलं. मग डिलिव्हरी चार्ज आला. मग 'जास्तीचे पैसे परत करतो' म्हणून क्यूआर कोड आला, तो स्कॅन करून पिन टाकायची. तेवढ्यात मी घरी पोचले आणि त्याच्या हातातून फोन काढून घेतला. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकली की आपल्याच खात्यातून जातात.

लगेच १९३० वर फोन केला आणि सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली. थोडे पैसे वाटेतच अडवले गेले, बाकीचे गेले. असं कुणाचं झालं तर लाजू नका, पहिल्या तासाभरात फोन करा. आमचं पोर दोन दिवस जेवलं नव्हतं. त्याला रागावण्यात काहीच अर्थ नव्हता, समोरचा रोज हेच करणारा माणूस होता.

दादर

मी विकणाऱ्याच्या बाजूने लिहितो, कारण तेही कुणीतरी सांगायला हवं. माझी गाडी एका एजंटने नेली, पैसे पूर्ण मिळाले, टीटीओच्या (मालकी बदलाच्या) कोऱ्या फॉर्मवर सह्या घेतल्या. पुढे कित्येक महिने नवी मुंबईतल्या सिग्नलची चलनं माझ्या मोबाइलवर येत राहिली. गाडी तिसऱ्याच्या हातात गेली होती आणि कागदावर अजून माझीच होती.

मला झोप लागेनाशी झाली ती वकील मित्राने एक निकाल सांगितल्यावर. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय, की अपघात झाला तर नुकसानभरपाईची जबाबदारी आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव आहे त्याच्यावर येते, गाडी त्याने आधीच विकलेली असली तरी. म्हणून गाडी विकल्याची फॉर्म २९ची सूचना आरटीओला १४ दिवसांच्या आत द्यायची असते. ती एजंटच्या भरवशावर सोडू नका. डिलिव्हरी नोटवर तारीखच काय, वेळसुद्धा लिहून घ्या. घेणाऱ्याच्या आधारची प्रत ठेवा.

डोंबिवली

सीएनजीवाल्यांसाठी. बाहेरून बसवलेलं किट असेल तर आरसीवर इंधनाच्या जागी पेट्रोलबरोबर सीएनजीही असलंच पाहिजे, नाहीतर इन्शुरन्स क्लेमच्या वेळी वांधे. सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) लागते. शेवटच्या टेस्टची तारीख किटच्या पट्टीवर असते.

गिरगाव

एक गाडी फार आवडली होती. मुलगा विकत होता, आरसी वडिलांच्या नावावर. वडील बाहेरगावी आहेत म्हणाला. शेजारच्या काकूंशी सहज बोलताना कळलं, की वडील वारलेत. मुलगा हातापाया पडायला लागला, "सही मी करतो ना, जुळते." अशी सही म्हणजे गुन्हा, आणि गाडी घेणाराही त्यात अडकतो. आधी फॉर्म ३१ भरून, बाकीच्या वारसांच्या संमतीने गाडी मुलाच्या नावावर व्हायला हवी, मग विक्री. मी त्याला हे समजावून सांगितलं, कागद दाखवले, आणि थांबायला तयार झालो. त्याच्या बहिणीला गाडी विकायचीय हे माहीतच नव्हतं. पुढे रीतसर सगळं झालं आणि तीच गाडी आता माझ्याकडे आहे.

वाशी

माझा प्रश्न आहे. गाडी पसंत केलीय, कागद सगळे जुळले. विकणारे काका म्हणताहेत, इन्शुरन्स अजून आठ महिने आहे आणि त्यात ५० टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) आहे, म्हणून दहा हजार वाढवून द्या. द्यावेत का?

घाटकोपर, इन्शुरन्सचं काम करतो

बोनससाठी एक रुपयाही वाढवून देऊ नका. नो क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. काकांना तो त्यांच्या नव्या गाडीवर वापरता येईल, त्यांनी कंपनीकडून तसं सर्टिफिकेट घ्यावं. तुमच्या नावावर पॉलिसी करताना बोनसची सवलत काढून घेतली जाते आणि उरलेल्या आठ महिन्यांचा तेवढा फरक तुम्हालाच भरावा लागतो.

पॉलिसी नावावर करायचा अर्ज १४ दिवसांत द्या. आरसी तुमच्या नावावर आणि पॉलिसी काकांच्या, अशा स्थितीत स्वतःच्या गाडीचा क्लेम कंपनी नाकारते. आणखी एक करा: काकांना मागच्या वर्षांतल्या क्लेमची माहिती कंपनीकडून मागवायला सांगा. दुरुस्तीचा खर्च पॉलिसीत घोषित केलेल्या गाडीच्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी ती टोटल लॉस धरते. अशा गाड्या भंगाराच्या भावाने उचलून, ठाकठीक करून परत बाजारात आणल्या जातात. बोनस खरंच ५० टक्के असेल तर गेल्या पाच वर्षांत काकांनी क्लेम केलेला नाही, ही तुमच्या दृष्टीने चांगली बाब. पण तो आकडा चालू पॉलिसीच्या कागदावर छापलेला बघा, तोंडी धरू नका.