प्रगती मोजताना प्रमाणित गुण धरावेत की ठरवलेली ध्येये?

विकासवाट (धागाकर्ता)
विकासात अडचण असलेल्या मुलाची दर सहा महिन्यांनी प्रमाणित चाचणी घ्यायची आणि त्या गुणांवरून थेरपी लागू पडतेय की नाही ते ठरवायचं, ही पद्धत बंद व्हावी असं माझं स्पष्ट मत आहे. प्रमाणित गुण मुलाची तुलना समवयस्कांशी करतात. सरासरी १००, प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप) १५. समजा, व्हाइनलँड या रोजच्या व्यवहारातली कौशल्यं मोजणाऱ्या चाचणीच्या संवाद विभागात ५८ गुण होते, सहा महिन्यांनी ५४ आले. पालक हादरतात. पण कच्चे गुण (मुलाला प्रत्यक्ष जमलेल्या गोष्टींची बेरीज) पाहिले तर ते वाढलेलेही असू शकतात. मूल शिकत असतं, फक्त त्याच्या वयाची मुलं त्याहून वेगाने पुढे गेलेली असतात.

निदानाची साधनं प्रगतीसाठी वापरणं तर त्याहून वाईट. एडॉस-२ या ऑटिझमच्या निदानासाठीच्या निरीक्षण चाचणीत १ ते १० असा तौलनिक गुण काढतात, तो वय आणि भाषेचा परिणाम कमी करण्यासाठीच. थेरपीने भाषा वाढली तरी तो साहजिकच फारसा हलत नाही.

याऐवजी ध्येयपूर्तीची श्रेणी वापरा. १९६८ पासून ती वापरात आहे. प्रत्येक ध्येयाला −२ ते +२ अशा पाच पायऱ्या, ० म्हणजे मुदतीत अपेक्षित असलेली पातळी.

आकडेमोड
असहमत. ५८ वरून ५४ ही घसरण नव्हेच. चाचणीची विश्वासार्हता ०.९० धरली (१ म्हणजे पूर्ण अचूक) तर एका गुणाची प्रमाण त्रुटी, म्हणजे मापनातली नेहमीची चूक, ४.७ येते, दोन गुणांमधल्या फरकाची ६.७. ९५ टक्के खात्रीसाठी त्याला १.९६ ने गुणलं की १३. यापेक्षा कमी फरक निव्वळ मापनातल्या चढउतारानेही येऊ शकतो. बऱ्याच अहवालांत ही त्रुटी छापत नाहीत, हा दोष अहवाल लिहिणाऱ्याचा. चाचणीवर का ढकलता?

आणि तुमची श्रेणी? ध्येय उपचारक ठरवतो, पूर्ण झालं की नाही तेही तोच ठरवतो. शिवाय अशा श्रेणी सर्रास दिसतात:

−२: मोठ्यांचा हात धरून वस्तूकडे ओढतो
−१: सुचवल्यावर चित्रकार्ड देतो
०: दहा मिनिटांत ३ वेळा आपणहून कार्ड देतो
+१: शाळेतही देतो
+२: शब्दाने मागतो

इथे मदत, वारंवारता, ठिकाण आणि माध्यम अशा चार गोष्टी एकाच रांगेत कोंबल्या आहेत. जे मूल शब्दाने मागतं, पण फक्त आईकडेच, त्याला कुठल्या पायरीवर बसवाल?

विकासवाट
ही श्रेणी चुकीचीच आहे, म्हणून ती दुरुस्त करायची. एका श्रेणीत एकच गोष्ट बदलली पाहिजे. दहा मिनिटांच्या खेळात आपणहून केलेल्या मागण्या मोजा: ०, १–२, ३–४, ५–६, ७ किंवा अधिक. आज मूल १–२ वर असेल तर ती −१. खालची पायरी मोकळी ठेवायची, नाहीतर मूल मागे सरकलं तरी कागदावर दिसणार नाही. ठिकाण आणि माध्यम यांची श्रेणी वेगळी.

‘आपणहून’ची व्याख्याही आधी लिहून ठेवा: मागच्या ५ सेकंदांत मोठ्याने विचारलेलं नाही, हात पुढे केलेला नाही, वस्तू डोळ्यांसमोर धरलेली नाही. सुरुवातीला वेगवेगळ्या दिवशी किमान तीन चित्रीकरणं करा. तीच खेळणी, तीच व्यक्ती, तीच वेळ. गुण देणारा त्या मुलाचा उपचारक नसावा, आणि त्याला फाइल्स तारखा काढून, क्रम बदलून द्याव्यात. मग पक्षपाताचा आक्षेप बराचसा निकाली निघतो.

आणि तुमचा १३ चा आकडा माझीच बाजू भक्कम करतो. सहा महिन्यांत १३ गुणांची उडी किती मुलं घेतील?

बालमानस
तुम्ही दोघेही विकासावरच बोलताय. चिडचिड, आक्रमकता, झोप ही लक्षणं दहा मिनिटांच्या चित्रीकरणात सापडत नाहीत, तिथे पालकांची प्रश्नावलीच लागते. मात्र नुसत्या अपेक्षेनेही गुण उतरतात. ऑटिझममधल्या चिडचिडीवरच्या रिस्पेरिडोन या औषधाची २००२ साली प्रसिद्ध झालेली चाचणी घ्या. १०१ मुलं, ८ आठवडे. चिडचिडीचे गुण औषधाच्या गटात सुमारे ५७ टक्के उतरले आणि प्लासिबोच्या (औषध नसलेल्या गोळीच्या) गटातही १४ टक्के. त्यात पालक सर्वात वाईट आठवड्यात मदतीला येतात, तेव्हा पुढचा आठवडा काहीही न करता बरा जाण्याची शक्यता असतेच. म्हणून औषधाआधी आठवड्याच्या अंतराने दोनदा प्रश्नावली भरून घ्या, आणि दर वेळी एकाच पालकाकडून. आई आणि बाबा आलटून पालटून भरत असतील तर तो आलेख फेकून द्यावा.

वर्गशिक्षिका
एडीएचडीत (अवधान कमी आणि अतिचंचलता) पालक आणि शिक्षक यांच्या गुणांची सरासरी काढणं कृपया थांबवा. वेगवेगळ्या भूमिकांतल्या निरीक्षकांमधला सहसंबंध (१ म्हणजे पूर्ण एकमत) १९८७ च्या मानसशास्त्रज्ञ ॲखेनबाख यांच्या आढाव्यात सरासरी ०.२८ इतकाच होता. दोघे वेगळ्या परिस्थितीतलं मूल बघत असतात. एडीएचडीवरच्या मिथाइलफेनिडेट या औषधाच्या कमी वेळ टिकणाऱ्या प्रकाराचा परिणाम साधारण चार तास राहतो. सकाळचा एकच डोस असेल तर तो वर्गात दिसतो, संध्याकाळी घरी ओसरलेला असतो. शिक्षकांचा गुण सुधारला आणि पालकांचा तसाच राहिला, तर त्यातून डोसच्या वेळेबद्दल कळतं. सरासरीत नेमकं तेच बुडतं.

आकडेमोड
हे पटलं. मूळ मुद्दा मात्र सोडत नाही. ध्येय फक्त मागणीचं लावलं तर हातांच्या बारीक हालचाली थबकल्याचं कुणाच्या लक्षात येणार? सगळी क्षेत्रं प्रमाणित चाचणीतच तपासली जातात. वर्षातून एकदा ती हवीच.

विकासवाट
वर्षातून एकदा, मान्य. पण पहिल्या पानावर वाढीचे गुण छापा. व्हाइनलँड-३ आणि बेली-४ (लहान बाळांच्या विकासाची चाचणी) दोन्हींत ते मिळतात, आणि त्यात मुलाची तुलना त्याच्या स्वतःच्याच आधीच्या पातळीशी होते. बऱ्याच बुद्धिमापन चाचण्यांत ४० च्या खाली गुणच नाहीत, त्यामुळे तळाशी असलेलं मूल कितीही शिकलं तरी ४० च दिसतं. त्या मुलांच्या अहवालात कच्चे गुण नसतील तर पालकांनी ते मागून घ्यावेत.

बालमानस
एक भर. मुलाने बोललेले शब्द किंवा आलेलं कौशल्य गमावलं तर पुढच्या चाचणीच्या तारखेची वाट बघू नका. लगेच बालमेंदूतज्ज्ञांना दाखवा. काही मुलांत झोपेतला ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) काढावा लागतो, कारण लँडाउ-क्लेफनरसारख्या अपस्मारात (फिट्सच्या आजारात) दिवसा झटके न दिसताही भाषा जाऊ शकते. जाताना कौशल्य असतानाचं आणि गेल्यानंतरचं, दोन्ही वेळचं चित्रीकरण तारखेसह सोबत न्या.