मदत हवी आहे: देवघरातला तिसरा एलईडी लावला की सगळेच दिवे लुकलुकतात

आमच्या पार्ल्याच्या घरात आईचं सागवानी देवघर आहे, वीसेक वर्षांपूर्वी सुताराकडून करून घेतलेलं. त्याच्या छताला आतून तीन छोटे हॅलोजन बल्ब आहेत. करंगळीच्या पेराएवढी काचेची कुपी, खाली दोन बारीक सरळ पिना. पिनांमधलं अंतर ४ मिलिमीटर, म्हणजे जी४. प्रत्येक बल्ब १२ व्होल्ट, २० वॅटचा. कळसामागे एक छोटा ट्रान्सफॉर्मर ठेवलेला आहे.

परवा देवघर पुसताना बल्बच्या वरच्या फळीला हात लागला. तिथे रुपयाच्या नाण्याएवढे तीन काळपट डाग आहेत, आणि लाकूड इतकं कोरडं झालंय की नखाने खरवडलं तर भुगा पडतो. खालीच वाती, कापूर आणि आईची पोथी. तेव्हापासून मला चैन नाही. आई दिवेलागणीपासून झोपेपर्यंत ते दिवे चालू ठेवते. तिला ‘बंद कर’ म्हणवत नाही, कारण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही पोथी वाचायला तिला तोच उजेड लागतो. म्हणून हॅलोजन काढून एलईडी लावायचं ठरवलं.

पहिल्यांदा घराजवळच्या दुकानातून एक आणला. पिना बरोबर बसल्या, पण उजेड पांढराफटक, ६५०० केल्विनचा. पितळेची देवी खडूने रंगवल्यासारखी दिसायला लागली, कुंकू जांभळट. आई म्हणाली, “देवीचा चेहरा आजारी माणसासारखा दिसतोय गं.” तो लगेच काढला. मग शनिवारी लोहार चाळीत गेले. तिथल्या काकांनी नमुन्याचा बल्ब हातात घेऊन पिना बघितल्या आणि २ वॅटचे, वॉर्म व्हाईट २७०० केल्विनचे तीन बल्ब दिले. त्यांवर ‘१२ व्ही एसी/डीसी’ असं छापलेलं आहे. रंग अगदी जुन्यासारखा, देवीची झळाळी परत आली.

आता अडचण. पहिला हॅलोजन काढून एलईडी लावला, सगळं छान. दुसरा लावला, तरीही छान. तिसरा लावल्याबरोबर तिन्ही दिवे लुकलुकायला लागले, सेकंदाला चारपाच वेळा, जत्रेतल्या माळेसारखे. कोणत्याही एका जागी परत हॅलोजन लावला की थांबतं. तिन्ही एलईडींची अदलाबदल करून पाहिली, काही फरक नाही. वायरमन म्हणतो होल्डर बदला, आणि होल्डर बदलायचे तर छताची फळी उचकटावी लागेल. आईच्या देवघराला हातोडी लावण्याआधी जाणकारांना विचारते आहे: दोष नक्की कशात आहे? नवरात्राच्या आत हे मार्गी लावायचं आहे.

प्रतिसाद १:
ताई, होल्डर सैल झाले असतील. एवढी वर्षं हॅलोजन तापला की आतली पत्ती ढिली पडते. वायरमनचं ऐका.

धागाकर्ती:
मलाही तसंच वाटलं होतं. पण होल्डर सैल असता तर त्या जागचा हॅलोजनही लुकलुकला असता ना? तो स्थिर जळतो.

प्रतिसाद २:
ताई, फळी उचकटू नका, होल्डर ठीक आहेत. ट्रान्सफॉर्मरवरचा मजकूर वाचून सांगता का? आणि तो हातात जड लागतो की हलका?

धागाकर्ती:
आताच स्टुलावर चढून बघितलं. काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा प्लास्टिकचा डबा, अगदी हलका. त्यावर ‘२३० व्ही, १२ व्ही एसी, २०–६० वॅट’ असं आहे.

प्रतिसाद २:
त्या ‘२०’मध्येच तुमचं उत्तर आहे. हा इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर. याला चालू राहायला किमान २० वॅटचा भार लागतो. भार कमी पडला की तो सुरू होतो, बंद पडतो, पुन्हा सुरू होतो, आणि तेच तुम्हाला लुकलुकणं म्हणून दिसतं. तुमचाच हिशोब मांडा. तीन हॅलोजन ६० वॅट. एक एलईडी लावलात तेव्हा २० + २० + २ = ४२. दोन लावलेत तेव्हा २० + २ + २ = २४, जेमतेम तरला. तिन्ही लावलेत की फक्त ६. जुना लोखंडी गाभ्याचा जड ट्रान्सफॉर्मर असता तर बहुधा ही अडचण आली नसती.

ट्रान्सफॉर्मर काढून त्याजागी १२ व्होल्ट डीसीचा एलईडी ड्रायव्हर लावा, १२ ते १५ वॅटचा. ६ वॅटच्या भाराला तेवढी मोकळीक हवी. एलईडी स्ट्रिपसाठी मिळतो तोच. दुकानात एक गोष्ट डोळ्यांनी तपासून घ्या: लेबलवर आउटपुट नेमकं ‘१२ व्होल्ट डीसी’ असावं. ‘३०० मिलिअँपिअर’ आणि पुढे ‘९ ते १८ व्होल्ट’ असं लिहिलेला ड्रायव्हर फॉल्स सीलिंगच्या दिव्यांचा, तो इथे चालणार नाही. तुमचे बल्ब एसी/डीसी आहेत, त्यामुळे कुठली वायर कुठल्या पिनेला, ही चिंता नाही. काम करताना मेन स्विच बंद ठेवा आणि जोडणी वायरमनकडूनच करून घ्या.

आणि ड्रायव्हर बसल्यावर त्यात पुन्हा हॅलोजन कधीच लावू नका. एका हॅलोजनचेच २० वॅट त्याला झेपणार नाहीत. उरलेले हॅलोजन घरातून काढूनच टाका, म्हणजे बल्ब गेला तर कुणी चुकून लावणार नाही.

आईंच्या वाचनासाठी आणखी एक. २० वॅटचा हॅलोजन साधारण ३०० ल्युमेन उजेड देतो, २ वॅटचा एलईडी २०० च्या आसपास. पोथीवरचा एक बल्ब ३ वॅटचा घ्या. मात्र आधी लांबी मोजा, जास्त वॅटचा एलईडी जाड आणि लांब असतो.

धागाकर्ती:
काल संध्याकाळी वायरमनला हा हिशोब वाचून दाखवला, त्याने मान डोलावली आणि अर्ध्या तासात ड्रायव्हर बसवला. तिन्ही दिवे स्थिर. पोथीवर ३ वॅटचा लावला, आईने चष्मा न पुसता अध्याय वाचला. रात्री साडेदहाला फळीला तळहात लावून बघितला, लाकूड गार होतं. तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही.

आता जाता जाता एक. पॅसेजमधल्या भिंतीवरच्या दिव्यात वेटोळ्या पिनांचा जी९ आहे, थेट २३० व्होल्टवर चालणारा. तिथे एलईडी लावला तर स्विच बंद केल्यावरही तो मंद जळत राहतो. स्विचवर छोटा लाल इंडिकेटर आहे.

प्रतिसाद २:
त्या लाल इंडिकेटरमधून किंचित करंट जातो. हॅलोजनला तो जाणवत नव्हता, एलईडीला पुरतो. इंडिकेटर नसलेला स्विच लावून बघा. तरीही जळला तर स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलाय का, ते वायरमनला तपासायला सांगा. तसं असेल तर बल्ब बदलताना शॉक बसू शकतो, ते आधी नीट करून घ्या.