केरो, इलिनॉय : दोन महानद्यांच्या संगमावरचे शहर मोठे का झाले नाही?

ऋचा: अभिजितकाका, तुम्ही टाकलेल्या फोटोत एकाच प्रवाहाची एक बाजू तपकिरी आणि दुसरी हिरवट दिसते आहे, म्हणून मी ते ठिकाण नकाशावर शोधले. अमेरिकेतल्या मिसिसिपी आणि ओहायो या नद्या जिथे एकत्र येतात, तिथे एखादे मोठे महानगर असेल असे मला वाटले होते. प्रत्यक्षात दोन हजारांहूनही कमी वस्तीचे केरो निघाले. असे का झाले असावे?

अभिजित: ऋचा, तुला जे वाटले, तेच वाटून अनेकांनी तिथे पैसा ओतला आणि तो बुडवला. केरो सेंट लुईसपासून सुमारे २४० किलोमीटर दक्षिणेला आहे. नावाचे स्पेलिंग इजिप्तच्या कैरोचे असले तरी स्थानिक लोक उच्चार केरो असाच करतात. दक्षिण इलिनॉयच्या या भागाला लिटल इजिप्त म्हणतात आणि जवळपास थीब्ज व कार्नाक नावाची गावेही आहेत. इलिनॉय राज्याचे हे अगदी दक्षिण टोक असून राज्यातली सर्वांत सखल जमीनही इथेच आहे. समोर ओहायोपलीकडे केंटकी, मिसिसिपीपलीकडे मिसूरी आणि मधल्या चिंचोळ्या जिभेवर हे शहर, अशी एकूण रचना आहे. तू पाहिलेली तपकिरी बाजू गाळाने भरलेल्या मिसिसिपीची आणि हिरवट बाजू ओहायोची आहे. संगमावर ओहायोच मिसिसिपीपेक्षा जास्त पाणी घेऊन येते, तरी पुढच्या प्रवाहाला नाव मात्र मिसिसिपीचे मिळाले.

१८१८ मध्ये जॉन कोमेगिस या व्यापाऱ्याने भागीदारांसह शहर आणि बँक अशा दोन्हींची सनद मिळवली, पण दोन वर्षांत तो वारला आणि योजना बारगळली. पुढे १८३७ मध्ये डेरियस होलब्रुक याने कंपनी काढली, लंडनमध्ये रोखे विकून बांध आणि कारखाने उभारायला घेतले. परंतु १८४० मध्ये ते रोखे विकणारी लंडनची पेढीच बुडाली आणि बहुतेक वस्ती उठून गेली. इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स १८४२ मध्ये बोटीने इथून गेला, तेव्हा त्याला दलदल आणि अर्धवट पडलेली घरे दिसली आणि त्याने या जागेविषयी अतिशय कडवट लिहिले. खरी भरभराट इलिनॉय सेंट्रल रेल्वेमुळे झाली. ती १८५६ मध्ये पूर्ण झाली आणि तिचे दक्षिण टोक केरो हेच होते.

नाना: अभिजित, माहिती चांगली दिली आहेस. पाटबंधारे खात्यात हयात गेल्यामुळे मला मात्र हा प्रश्न फारसा अवघड वाटत नाही. जी जागा नौकानयनाला उत्तम, ती वस्तीला उत्तम असेलच असे नाही. तीन बाजूंनी पाणी, खाली शेकडो फूट वाळू आणि गाळ, आणि पूर आला तर तो एका नदीचा नव्हे, दोन नद्यांचा. अशा जागी बांध कितीही उंच केला तरी पाणी बांधावरून येण्याऐवजी खालून येते. नदीची पातळी आतल्या जमिनीपेक्षा वर गेली की दाबामुळे पाणी बांधाखालच्या वाळूतून वाट काढते आणि शहराच्या बाजूला जमिनीतून उकळी फुटल्यासारखे वर येते. त्या पाण्याबरोबर वाळूही बाहेर पडू लागली, तर बांधाखाली पोकळी तयार होते. आमच्या खात्यात त्याला पायपिंग म्हणत. २०११ च्या पुरात केरोमध्ये अशा मोठ्या उकळ्या फुटल्या होत्या. नवख्या माणसाला वाटते की ते भोक दाबून बुजवावे, पण तसे केले तर पाणी शेजारी फुटते. म्हणून भोकाभोवती वाळूच्या पोत्यांचे गोल कडे रचून आत पाणी साठू देतात. साठलेल्या पाण्याच्या वजनाने खालचा दाब काही प्रमाणात तोलला जातो, पाणी येत राहते, पण स्वच्छ येते आणि वाळू जागेवर राहते. गढूळ पाणी येते की निवळ, हे पाहायला रात्रभर माणूस बसवावा लागतो.

अभिजित: नाना, उत्तरेकडून शहरात शिरताना रस्ता रेल्वेच्या भरावाखालून जातो आणि त्या बोगद्यावर एक प्रचंड पोलादी दरवाजा टांगलेला आहे. पूर आला की तो खाली सोडतात आणि शहर चारही बाजूंनी बंद होते. तिथली भिंत आणि बांध नदीच्या मापनपट्टीवर ६४ फुटांपर्यंतचे पाणी अडवू शकतात. १९३७ च्या महापुरात पाणी ५९.५ फुटांवर गेले होते आणि भिंतीवर लाकडी फळ्यांचे आणखी तीन फूट चढवावे लागले होते. त्या वेळी ओहायोवरचे वरच्या अंगाचे पडुका जवळजवळ पूर्ण रिकामे करावे लागले, पण केरो कोरडे राहिले. २०११ मध्ये २ मे रोजी पातळी ६१.७२ फुटांवर पोहोचली, तो आजवरचा उच्चांक आहे.

सुमनआत्या: अभिजित, केरो कोरडे कसे राहिले तेही लिही, नाहीतर मुलांना वाटेल की भिंतीनेच सगळे काम केले.

अभिजित: आत्या, तू म्हणतेस ते सांगायला हवे. १९२७ च्या मिसिसिपी पुरानंतर १९२८ मध्ये कायदा झाला आणि समोरच्या मिसूरीच्या बाजूला बर्ड्स पॉइंटपासून न्यू मॅड्रिडपर्यंत पूरवाहिनी आखण्यात आली. पाणी हाताबाहेर गेले तर तिथला बांध फोडून नदीला मिसूरीच्या शेतात पसरू द्यायचे, अशी ती योजना होती. त्यासाठी तिथल्या जमिनींवर पाणी सोडण्याचे हक्क सरकारने आधीच विकत घेऊन ठेवले होते. १९३७ च्या जानेवारीत तो बांध सुरुंगाने फोडण्यात आला आणि २ मे २०११ च्या रात्री पुन्हा फोडण्यात आला. मिसूरी राज्य त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, पण स्थगिती मिळाली नाही. लष्करी अभियंत्यांनी बांधात पुरलेल्या नळ्यांमध्ये द्रवरूप स्फोटक भरले आणि सुमारे तीन किलोमीटर बांध उडवला. साधारण १ लाख ३० हजार एकर शेतजमीन पाण्याखाली गेली आणि केरोची पातळी दोन दिवसांत फुटाहून अधिक उतरली. त्या पाण्यात पिनहूक नावाचे खेडेही गेले. ते गाव कृष्णवर्णीय खंडकऱ्यांनी १९४० च्या दशकात स्वतः जमिनी विकत घेऊन वसवले होते आणि पुरानंतर ते त्या जागी पुन्हा उभे राहिले नाही. त्या काळी चांगल्या, उंचावरच्या जमिनी त्यांना कोणी विकत नसे, म्हणून ते मुळात त्या सखल पट्ट्यात गेले होते.

वैशालीवहिनी: नाना, तुमचे बांधाविषयीचे म्हणणे मला पटते, पण शहर ओसरण्याचे कारण म्हणून ते पटत नाही. मी आत्ताच जनगणनेचे आकडे पाहिले. केरोची लोकसंख्या १८६० मध्ये २,१८८ होती आणि १९२० मध्ये १५,२०३ झाली. म्हणजे नदी तीच, पूर तेच आणि तरीही साठ वर्षे शहर वाढतच होते. १९३७ मध्ये आजूबाजूचा प्रदेश बुडाला आणि हे वाचले, मग १९४० नंतर लोक पुरामुळे गेले असे कसे म्हणणार? न्हावा शेवा बंदरात क्लिअरिंगचे काम करताना मी एक गोष्ट रोज पाहते : माल जिथे थांबतो, तिथे हमाल, गोदाम, कारकून, खानावळ आणि लॉज यांना काम मिळते, आणि माल न थांबता पुढे जाऊ लागला की यांतले एकेक बंद होते. केरोत माल थांबायचा का, आणि केव्हापर्यंत थांबायचा, हे अभिजित सांगू शकेल का?

अभिजित: वहिनी, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवले आहे. इलिनॉय सेंट्रलचे रूळ केरोला संपत आणि ओहायोवर पूल नव्हता, त्यामुळे प्रवासी आणि माल नावेने केंटकीच्या काठावर न्यावा लागे. भर म्हणजे दक्षिणेकडचे रूळ १८८१ पर्यंत पाच फुटी गेजचे, म्हणजे दोन रुळांत वेगळे अंतर असलेले होते, तेव्हा डबे तसेच्या तसे पुढे नेण्याची सोयही नव्हती. त्या वर्षी गेज एक झाले. मग १८८९ मध्ये जॉर्ज मॉरिसन या अभियंत्याने बांधलेला रेल्वेपूल खुला झाला. नदीवरची ती त्या काळी जगातली सर्वांत लांब धातूची रचना मानली जात होती. शहराने त्याचा मोठा अभिमान बाळगला, परंतु त्याच दिवसापासून गाड्या केरोत न थांबता पुढे जाऊ लागल्या. १९०५ मध्ये थीब्जला मिसिसिपीवर दुसरा रेल्वेपूल झाला आणि आणखी वाहतूक बाजूने वळली. पुढे मोटारींसाठी १९२९ मध्ये मिसिसिपीवर आणि १९३८ च्या सुमारास ओहायोवर पूल झाले, आणि १९७८ मध्ये ५७ क्रमांकाचा आंतरराज्य महामार्ग शहराच्या कडेने नदी ओलांडून गेला. कापूस, लाकूड आणि धान्य यांच्यावर शहर काही काळ चालले, म्हणून १९२० पर्यंत आकडा वाढत राहिला असावा.

नाना: वैशाली, तुझा युक्तिवाद मला मान्य आहे, पण पूर्ण नाही. बांधाच्या आत कोंडलेल्या शहराला पसरायला जागा नसते आणि नवा कारखाना काढणारा माणूस भिंतीपलीकडच्या पाण्याचा विचार करतोच. पुलांनी शहराचे काम नेले हे खरे. पण नवे काम आले नाही याला जागेचा दोष काही प्रमाणात आहेच.

सुमनआत्या: नाना, नवे काम का आले नाही, याचे उत्तर जागेपेक्षा माणसांत शोधावे लागेल. केरो उत्तरेत असले तरी ते गुलामगिरी असलेल्या दोन राज्यांच्या मध्ये होते. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६१ च्या सप्टेंबरमध्ये, उत्तरेचा सेनानी युलिसिस ग्रँट इथे आला आणि इथूनच त्याने पडुका घेतले, आणि पुढच्या फेब्रुवारीत दक्षिणेचे फोर्ट हेन्री व फोर्ट डोनेल्सन हे किल्ले जिंकले. संगमाची लष्करी किंमत एवढी होती की जो केरो धरेल तो दोन्ही नद्या धरेल, हे दोन्ही बाजूंना कळत होते. युद्धात दक्षिणेतून सुटलेले हजारो कृष्णवर्णीय लोक या टोकाला येऊन पोहोचले, त्यांतले बरेच इथेच राहिले आणि १९०० मध्ये ते शहराच्या एक तृतीयांशाहून अधिक होते. त्यांना मते होती, शाळा होत्या. मात्र सुरक्षितता नव्हती.

११ नोव्हेंबर १९०९ रोजी विल जेम्स या कृष्णवर्णीय माणसाला खुनाच्या आरोपावरून, खटला न चालवता, हजारोंच्या जमावाने भर बाजारात मारले, आणि त्याच रात्री त्या जमावाने हेन्री साल्झनर या गोऱ्या कैद्यालाही तुरुंगातून काढून फाशी दिले. कैदी जमावाच्या हाती गेला तर शेरीफचे, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाचे पद जाईल, असा कायदा इलिनॉयने १९०५ मध्ये केला होता. त्याप्रमाणे शेरीफ फ्रँक डेव्हिस याला दूर करण्यात आले, आणि त्याने पद परत मागितले तेव्हा पत्रकार आयडा बी. वेल्स यांनी स्वतः केरोला जाऊन माहिती गोळा केली आणि गव्हर्नर डिनीन यांच्यासमोर त्याच्या विरोधात बाजू मांडली. गव्हर्नरांनी पद परत दिले नाही. एकटी बाई वकिलांच्या समोर उभी राहून हे करते, ही गोष्ट मी शाळेत दरवर्षी सांगत असे.

ऋचा: आत्या, पण हे १९०९ चे झाले. दुकाने तर त्यानंतर कितीतरी वर्षे चालू होती ना?

सुमनआत्या: होय, म्हणूनच पुढचा भाग महत्त्वाचा आहे. १९६२ मध्ये नागरी हक्क चळवळीतले जॉन लुईस आणि त्यांचे विद्यार्थी सहकारी केरोच्या पोहण्याच्या तलावासमोर निदर्शने करत होते. तो तलाव खासगी क्लब असल्याचे दाखवून कृष्णवर्णीय मुलांना बाहेर ठेवले जात होते. सर्वांना प्रवेश देण्याऐवजी तो तलावच बंद करण्यात आला आणि नंतर काँक्रीट ओतून बुजवण्यात आला. १९६७ च्या जुलैमध्ये रॉबर्ट हंट हा १९ वर्षांचा कृष्णवर्णीय सैनिक पोलीस ठाण्यात मृतावस्थेत आढळला. अधिकाऱ्यांनी आत्महत्या म्हटले, लोकांनी ते मानले नाही, दंगे झाले आणि नॅशनल गार्ड हे राज्याचे राखीव सैन्य बोलवावे लागले. त्यानंतर गोऱ्या रहिवाशांनी व्हाइट हॅट्स नावाचे सशस्त्र पथक काढले. १९६९ मध्ये रेव्हरंड चार्ल्स कोएन यांच्या नेतृत्वाखाली युनायटेड फ्रंट ही कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी संघटना स्थापन झाली आणि ज्या दुकानांत कृष्णवर्णीय माणसाला काउंटरमागे उभे राहू दिले जात नव्हते, त्या दुकानांवर बहिष्कार सुरू झाला. मागणी साधी होती : ज्या गिऱ्हाइकांच्या पैशांवर दुकान चालते, त्यांच्यातल्या कोणाला तरी नोकरी द्या. पुष्कळ दुकानदारांनी नोकरी देण्यापेक्षा शटर कायमचे ओढणे पसंत केले. १९६० मध्ये ९,३४८ असलेली वस्ती १९७० मध्ये ६,२७७ वर आली, तो आकडा या दशकाचा आहे.

वैशालीवहिनी: आत्याबाई, इथे मात्र मला व्यापाराचे तर्कशास्त्र लागू पडत नाही असे दिसते. धंदा मंदावलेल्या गावात दुकानदार एरवी गिऱ्हाईक सोडत नाही. ते त्यांनी सोडले, म्हणजे त्यांचा हिशेब पैशांचा नव्हता.

ऋचा: आणि आता तिथे राहणारे लोक काय करतात?

अभिजित: २०२० च्या जनगणनेत १,७३३ लोक होते. रुग्णालय १९८६ मध्येच बंद झाले. २०१५ मध्ये किराणा दुकानही गेले आणि अनेक वर्षे भाजीपाल्यासाठी दुसऱ्या गावी, बहुधा नदीपलीकडे, जावे लागे. २०२३ मध्ये सहकारी तत्त्वावर एक दुकान उघडण्यात आले. २०१७ मध्ये केंद्रीय गृहनिर्माण खात्याने एल्मवूड आणि मॅकब्राइड या दोन सरकारी वसाहती राहण्यास अयोग्य ठरवल्या आणि सुमारे ४०० जणांना घरे सोडावी लागली. शहरात भाड्याची घरे पुरेशी नसल्यामुळे बहुतेकांना गावच सोडावे लागले. जुन्या वैभवापैकी १८७२ चे कस्टम हाउस आता संग्रहालय आहे, गिरणीमालक गॅलिगर यांचा मॅग्नोलिया मॅनर हा वाडा आहे आणि १८८४ चे सॅफर्ड वाचनालय अजून सुंदर दिसते.

नाना, तुम्हाला आवडेल असे एक सांगतो. केरोपासून खाली थेट मेक्सिकोच्या आखातापर्यंत मिसिसिपीवर एकही जलपाश (बोटी वर-खाली नेण्यासाठी दरवाजे असलेला पाण्याचा कप्पा) नाही. वरच्या नद्यांवर जलपाशांच्या लांबीमुळे एका बोटीबरोबर साधारण १५ बार्ज, म्हणजे इंजिन नसलेल्या सपाट मालवाहू नावा जातात. केरोच्या खाली ३० किंवा अधिक एकत्र बांधता येतात आणि प्रत्येक बार्जवर सुमारे दीड हजार टन माल असतो. त्यामुळे बार्जचे तांडे सोडण्याचे आणि नव्याने बांधण्याचे काम आजही याच संगमाजवळ चालते. ओहायोवर जवळच ऑल्मस्टेडला सुमारे तीन अब्ज डॉलर खर्चून नवा जलपाश आणि बंधारा २०१८ मध्ये सुरू झाला. संगमावरच्या बागेत अर्धा तास उभे राहिलात तर पाच-सहा तांडे जाताना दिसतात, पण त्यांतला एकही धक्क्याला लागत नाही. दोर बांधणारे खलाशी बोटीवरच राहतात आणि त्यांचा किराणाही छोट्या होडीने बोटीपर्यंत पोहोचतो.

नाना: म्हणजे जागेची किंमत कमी झालेलीच नाही, एवढे तरी सुमन आणि वैशाली दोघींनी मान्य करावे. मग तिथे बंदर का बांधत नाहीत?

अभिजित: योजना आहे, नाना. मिसिसिपीच्या बाजूला बंदर करण्यासाठी राज्याने ४ कोटी डॉलर मंजूर केले आहेत आणि आखातातून कंटेनर नदीमार्गे वर आणून इथून रेल्वेवर चढवण्याची कल्पना मांडली जाते.

वैशालीवहिनी: कंटेनर आणणार असतील तर मला फारशी आशा वाटत नाही. एक क्रेन, थोडे चालक आणि संगणकावरचे दोघे-तिघे, एवढ्यावर कंटेनरचा धक्का चालतो आणि डबा न उघडताच शिकागोला निघतो. त्याऐवजी बार्ज दुरुस्तीची गोदी, धान्याची कोठारे आणि खलाशांची पाळी बदलण्याचे ठिकाण तिथे झाले, तर गावातल्या माणसांना काम मिळण्याची शक्यता जास्त आहे. ती कामे नदीला आजही लागतातच, फक्त सध्या ती दुसऱ्या काठांवर होतात.