आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी रोज दिली गेली: कागदपत्रं आणि तक्रारीबद्दल मदत हवी आहे

नमस्कार. थोडं लांबतंय, पण तपशिलाशिवाय प्रश्न कळणार नाही. इथे डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट आणि वकील मंडळी आहेत म्हणून धागा काढतेय.

सासूबाईंना ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे. त्यासाठी मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकाच दिवशी, जोडीला फॉलिक ॲसिड. कित्येक वर्षं हे सुरळीत चाललं होतं आणि गोळ्यांचं सगळं त्या स्वतःच बघायच्या. मध्यंतरी पडून मनगट मोडलं आणि दुसऱ्या एका रुग्णालयात ऑपरेशन झालं. घरी सोडताना मिळालेल्या डिस्चार्ज कार्डावर छापील तक्ता होता: औषधाचं नाव, मग सकाळ, दुपार, रात्र असे रकाने. मेथोट्रेक्सेटपुढे सकाळच्या रकान्यात १. आठवड्यातून एकदाच्या औषधासाठी त्या तक्त्यात जागाच नाही! संधिवाताच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मात्र ‘आठवड्यातून एकदा’ स्पष्ट लिहिलेलं आहे आणि भरती होताना ती चिठ्ठी आम्ही दिली होती.

हात प्लॅस्टरमध्ये, त्यामुळे आता गोळ्या सासरे काढून द्यायचे. कार्ड समोर ठेवून, अगदी काटेकोर. सासूबाईंना वाटलं, ऑपरेशननंतर डोस बदलला असेल. पुढे तोंडभर फोड आले, पाण्याचा घोटही गिळवेना, ताप चढला. रक्तात पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही खाली. इमर्जन्सीतल्या डॉक्टर मुलीने गोळ्यांची डबी उघडून पाहिली आणि विचारलं, “ही रोज घेताय?” त्या एका प्रश्नाने निभावलं. ल्युकोव्होरिन (मेथोट्रेक्सेटच्या जादा डोसवरचा उतारा) दिलं, आयसीयूत ठेवावं लागलं. आता घरी आहेत, पण अंगात त्राण नाही.

ज्यांनी कार्ड दिलं त्यांना विचारलं तर तोंडी उत्तर मिळालं, “या औषधाचा हा माहीत असलेला साइड इफेक्ट आहे.” हे काही पटत नाही.

घरात तीन तऱ्हा. दीर म्हणतात केस ठोका. सासरे “गोळ्या तर मीच दिल्या ना” म्हणून जेवत नाहीत. आणि मला आधी हे लेखी हवंय की चिठ्ठीतली ओळ कार्डावर येईपर्यंत नेमकी कुणाच्या हातात बदलली. कोणते कागद मागू? याला हलगर्जीपणा म्हणतात की निव्वळ चूक? जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १
वॉर्डात बरीच वर्षं काम केलंय, त्यावरून सांगते. आधी सासऱ्यांना सांगा की मेथोट्रेक्सेट साप्ताहिकऐवजी रोज दिलं जाणं ही जगभर पुन्हापुन्हा घडलेली चूक आहे, तिने जीवही गेलेत. म्हणूनच चिठ्ठीवर आठवड्याचा वार आणि औषध कशासाठी हे दोन्ही लिहावं असा आग्रह असतो. भरती होताना आणि घरी जाताना जुन्या औषधांची यादी नव्या यादीशी ताडून बघायची असते. तुमच्याकडे तीच पायरी गळलेली दिसते.

फक्त डिस्चार्ज कार्डावर थांबू नका. भरतीच्या वेळची नोंद, वॉर्डातला औषधांचा चार्ट, नर्सिंगच्या नोंदी, सगळ्यांच्या प्रती लेखी अर्ज देऊन मागा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. चार्टवर औषध साप्ताहिक असेल तर घोळ कार्ड टाइप करताना झाला. तिथेही रोज असेल तर भरतीच्या वेळीच. औषधाच्या दुकानाचं बिलही जपा; किती गोळ्या दिल्या त्यावरून दुकानदाराने काय वाचलं ते कळतं. उरलेल्या स्ट्रिप टाकू नका.

प्रतिसाद २
साइड इफेक्टचा मुद्दा: योग्य डोस देऊनही त्रास झाला तर तो साइड इफेक्ट. इथे डोसच चुकला, तेव्हा ते उत्तर लागू नाही.

हलगर्जीपणा ठरायला साधारण दोन गोष्टी दाखवाव्या लागतात: त्या जागी एखाद्या सक्षम व्यावसायिकाने जेवढी काळजी घेतली असती तेवढी घेतली नाही, आणि त्यामुळेच इजा झाली. न्यूयॉर्कमधल्या रुग्णालयांच्या 1984 च्या नोंदींवर हार्वर्डच्या संशोधकांनी केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यात भरती झालेल्यांपैकी 3.7 टक्क्यांना उपचारांमुळे इजा झाली होती, आणि त्यातल्या साधारण चौथ्या हिश्श्यामागे हलगर्जीपणा होता. म्हणजे प्रत्येक इजा हलगर्जीपणा नसते. तुमच्या प्रकरणात दुसरी बाजू लंगडी नाही, डबी आणि रक्ताचे रिपोर्ट आहेत. पहिलीसाठी चार्ट लागेल, शिवाय तुमच्या बाजूने मत देणारा तज्ज्ञ. दावा करायची मुदत ठिकाणानुसार बदलते, ती आधी वकिलाला विचारा. चौकशीची वाट बघत बसलात तर ती निघून जाईल.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. बिल सापडलं. दुकानदाराने पूर्ण महिन्याच्या, म्हणजे रोज एक या हिशेबाने गोळ्या दिल्यात. म्हणजे तिथेही कुणी थबकलं नाही. अर्ज उद्या देतेय. एक राहिलं: त्या तक्त्याच्या रकान्यांबद्दल वेगळं पत्र लिहावं का, की त्याने मूळ तक्रार पातळ होईल?

प्रतिसाद १
वेगळंच लिहा, गुणवत्ता किंवा रुग्णसुरक्षा विभागाच्या नावाने. पण वकिलाला दाखवून मगच पाठवा.